कात नेमकी कुठे अडकली? जीन सायलेन्सिंग, अळ्या आणि फवारणीचा पंप

प्रश्न थोडक्यात असा आहे: कीटकशास्त्रात एमएस्सी करणाऱ्या एका विद्यार्थ्याने मक्यावरच्या लष्करी अळीचं कायटिनेज (किड्याच्या त्वचेतलं कायटिन पचवणारं विकर) बनवणारं जनुक कामाला घेतलंय. ते दाबायला तिसऱ्या अवस्थेतल्या अळ्यांना डीएसआरएनए, म्हणजे दुहेरी धाग्याचा आरएनए, टोचला. क्यूपीसीआरमध्ये, म्हणजे जनुकाचा संदेश किती बनतोय ते मोजणाऱ्या चाचणीत, जनुकाची पातळी जेमतेम तिसऱ्या हिश्शाने उतरली आणि अळ्या मात्र खुशाल कात टाकून मोठ्या झाल्या. चुकलं कुठे, आणि हे तंत्र शेतकऱ्याच्या पंपात कधी येणार आहे का?

तुमच्या हाताची चूक असेल असं मला वाटत नाही. तुम्ही किडाच अवघड घेतलात, आणि अवघड किड्यातलंही अवघड जनुक घेतलंत.

जीन सायलेन्सिंगची, म्हणजे जनुक दाबण्याची प्रक्रिया तुम्हाला ठाऊक आहे, इतर वाचकांसाठी दोन ओळी. दुहेरी धाग्याचा आरएनए पेशीत शिरला की डायसर-2 नावाचं विकर त्याचे साधारण 21 अक्षरांचे तुकडे पाडतं. त्यातला एक धागा आर्गोनॉट-2 हे प्रथिन धरून ठेवतं आणि त्याला जुळणारा संदेशवाहक आरएनए समोर आला की तो कापून टाकतं. जनुक जागेवरच असतं, फक्त त्याचं प्रथिन बनणं कमी होतं. फायर आणि मेलो यांनी 1998 मध्ये हे एका सूत्रकृमीत दाखवलं आणि 2006 चं नोबेल त्यांना त्याबद्दलच मिळालं. ‘कमी होतं’ हे लक्षात ठेवा. आपण काढतो, घालत नाही. याचा संबंध पुढे फवारणीशी येणार आहे.

आता लष्करी अळी. पतंगवर्गातल्या अळ्यांच्या आतड्यातला रस भलताच अल्कधर्मी असतो, सामू 10 च्या वर. आरएनए तिथे तसाही टिकत नाही, त्यात तो चिरणारी विकरं आतड्यात आणि रक्तद्रवातही भरपूर. आशियाई मका खोडकिडीत तर पतंगवर्गातच आढळणारं एक विकर सापडलंय, जे डीएसआरएनए शरीरात आला की आणखी वाढतं. म्हणजे डोस वाढवावा, तर समोरचा बंदोबस्तही वाढतो. तुम्ही तोंडावाटे न देता टोचलात, त्यामुळे आतडं टळलं. पण रक्तद्रव टळला नाही. आणि त्यातूनही जे पेशीत पोहोचतं ते आत अडकून बसतं. केंटकी विद्यापीठातल्या सुब्बा रेड्डी पल्ली यांच्या गटाने 2016 मध्ये खुणा लावलेला डीएसआरएनए भुंगेऱ्याच्या आणि पतंगाच्या पेशींना देऊन पाहिला. भुंगेऱ्याच्या पेशींत त्याचे छोटे तुकडे व्यवस्थित पडले. पतंगाच्या पेशींत तो आम्लधर्मी पिशव्यांमध्ये साचून राहिला, डायसरपर्यंत गेलाच नाही.

याच्याही आधी, 2011 मध्ये, पतंगवर्गावरचे दीडशेहून अधिक प्रयोग एकत्र मांडून पाहिले गेले होते. त्यात न छापलेलेही होते, म्हणून ते मोलाचे. रोगप्रतिकारशक्तीची जनुकं त्यातल्या त्यात बरी दबतात आणि त्वचेच्या पेशींतली सगळ्यात वाईट, असं त्यातून दिसलं. कात टाकण्याचं बरंचसं काम कुठे चालतं? त्वचेच्या पेशींत. थिसिसचे विषय वाटताना हा शोधनिबंध कोणी वाचत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

म्हणून पहिलं काम स्वस्तातलं करा. निरोगी अळीचा रक्तद्रव थोडा काढा, फेनिलथायोयुरिया घालून काळा पडू देऊ नका, त्यात तुमचा डीएसआरएनए मिसळा. शून्य, दहा, तीस आणि साठ मिनिटांनी थोडाथोडा बाहेर काढून अॅगारोज जेलवर (तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर) चालवा. सोबत नुसत्या बफरमधला डीएसआरएनए हवाच. दहा मिनिटांच्या खान्यातच पट्टा विरून खाली धूर उरला असेल, तर तुमच्या पुढच्या सगळ्या इंजेक्शनांचं भविष्य तुम्हाला तिथेच कळलं. आतड्याचा रस घेऊन हेच परत करा. एका दिवसाचं काम आहे, आणि थिसिसमध्ये हे चित्र असलं की ‘परिणाम का दिसला नाही’ याला पुराव्यासकट उत्तर मिळतं.

दुसरं, कात टाकण्याचा अभ्यासच करायचा असेल तर पिठातला तांबडा भुंगेरा पाळा, ट्रायबोलियम कॅस्टेनियम. जुन्या रव्यात किंवा कणकेत फिरणारा हा लाल किडा सगळ्यांनी पाहिलेला असतो. गव्हाच्या पिठात पाच टक्के यीस्ट घाला, 30 अंशांना ठेवा, महिन्याभरात अंड्यापासून भुंगेरा तयार. अळी बर्फावर गार करून दुहेरी चिकटपट्टीवर पालथी ठेवायची आणि काचेच्या बारीक सुईने पोटाच्या दोन खंडांमधल्या मऊ पडद्यातून डीएसआरएनए आत सोडायचा. शेवटच्या अवस्थेतल्या अळीला दोनशे नॅनोग्रॅम पुरेसा होतो. एका ठिकाणी दिलेला अंगभर पसरतो, मादीला टोचला तर तिच्या अंड्यांतही परिणाम दिसतो. याचा जनुकसंच 2008 पासून उपलब्ध आहे आणि कात टाकण्याबद्दल आज जे पक्कं माहीत आहे, त्यातलं पुष्कळसं याच किड्याने शिकवलंय.

आता जनुकाकडे येऊ. तुमच्या प्रश्नात नुसतं ‘कायटिनेज’ लिहिलंय. कोणतं? तांबड्या भुंगेऱ्यात कायटिनेजसारखी जनुकं वीसहून जास्त आहेत. कॅन्सस स्टेट विद्यापीठात मुथुकृष्णन आणि अराकाने यांच्या गटाने ती एकेक करून दाबून पाहिली, तेव्हा कामं वाटून दिलेली निघाली. कायटिनेज-10 दाबलं तर अंडं फुटत नाही, अळीची कात सुटत नाही, कोष होत नाही, कोषातून भुंगेरा येत नाही, सगळीकडे अडतं. कायटिनेज-5 दाबलं तर अळी नीट वाढते, कोषही होतो, पण त्यातून भुंगेरा बाहेर पडत नाही. कायटिनेज-7 चा कात टाकण्याशी संबंध नाही. ते दाबलं तर पोट आक्रसत नाही आणि पंख पसरत नाहीत. समजा तुमच्या लष्करी अळीत कामाची विभागणी अशीच असली आणि तुम्ही पाचव्या गटातलं जनुक घेऊन तिसऱ्या अवस्थेची कात बघत बसला असलात, तर जनुक पूर्ण दबलं असतं तरी तुम्हाला काही दिसलं नसतं. आधी जातकुळीचा वृक्ष काढा, आपलं जनुक कोणत्या गटात बसतं ते पाहा, मग प्राइमर (जनुकाचा नेमका भाग पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवा.

वेळ ही यातली सगळ्यात मोठी गोष्ट, आणि पुस्तकात तिला सगळ्यात कमी जागा असते. किडा कात टाकतो म्हणजे आपल्याला दिसते ती शेवटची काही मिनिटं. त्याआधी जुनी त्वचा पेशींपासून सुटी होते, तिच्याखाली नवी विणली जाते, मधल्या फटीत कातद्रव उतरतो, त्यातली कायटिनेजं जुन्या त्वचेचा आतला थर पचवतात आणि ते साहित्य अंगात परत घेतलं जातं. नवी त्वचा जुनीच्या आत घडी घातलेल्या लुगड्यासारखी चुणीदार बसलेली असते; बाहेर आल्यावर ती फुगते, मग कडक होते, रंग धरते. हे सगळं 20-हायड्रॉक्सीएक्डायसोनच्या, म्हणजे कात टाकायला लावणाऱ्या संप्रेरकाच्या चढउतारावर चालतं. चढ आला की तयारी सुरू होते, पण कात प्रत्यक्ष फेकायची तर तो उतरावाच लागतो. उतार आल्यावरच एक्डायसिस ट्रिगरिंग हॉर्मोन सुटतं आणि किडा अंग पिळायला लागतो.

यातली कितीतरी जनुकं काही तासच जागी असतात. तिसरी अवस्था सुरू होऊन दोन दिवस झालेल्या आणि आज सकाळीच कात टाकलेल्या अळ्या एकाच डबीत घेऊन टोचल्यात, तर सरासरी काढून हातात काहीच येत नाही. लष्करी अळीत वेळ साधायला सोपी खूण आहे. कात जवळ आली की अळी खाणं सोडते, डोकं पुढे ढकलल्यासारखं दिसतं आणि डोक्याच्या टोपीमागे मानेवर फिकट, फुगीर पट्टा येतो. तो पट्टा म्हणजे आतलं नवं डोकं. तशा अळ्या संध्याकाळी वेगळ्या काढा, सकाळी ज्यांनी टोपी टाकलेली असेल त्याच घ्या. म्हणजे सगळ्या एका वयाच्या. आणि जनुक जागं व्हायच्या आधी टोचा. एकदा प्रथिन बनून बसलं की संदेश कापून उपयोग नसतो, जुना साठा काम उरकून टाकतो.

नियंत्रण-गटाबद्दल थोडं. नुसतं पाणी किंवा बफर टोचून भागत नाही. किड्यात नसलेल्या जनुकाचा, म्हणजे बहुधा जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा, डीएसआरएनए तितक्याच मात्रेत द्यायचा. सुईच्या जखमेनेही कात लांबते, ती लांबण वेगळी काढता आली पाहिजे. क्यूपीसीआरचे प्राइमर तुम्ही टोचलेल्या तुकड्याच्या बाहेरचे हवेत. आतले घेतले तर टोचलेलाच डीएसआरएनए मोजला जातो आणि जनुक उलट वाढल्यासारखं दिसतं. परीक्षक हे पहिल्या पाच मिनिटांत विचारतात. आणि त्याच जनुकाचे एकमेकांवर न येणारे दोन तुकडे वेगवेगळे टोचून दोन्हींनी तेच लक्षण दिसलं, तरच ते त्या जनुकाचं लक्षण म्हणा.

मग मेलेल्या अळ्या. बहुतेक विद्यार्थी मोजून फेकून देतात आणि मृत्युदराचा तक्ता काढतात. ‘62 टक्के मेल्या’ यातून कात टाकण्याबद्दल काहीही कळत नाही. मेलेला किडा भिंगाखाली धरा आणि काम कुठे थांबलं ते पाहा. जुनी त्वचा खालच्या पेशींना चिकटूनच असेल तर गडबड वरच्या पायरीवर आहे, संप्रेरकात किंवा त्याच्या ग्राहीत. जुनी सुटली आहे पण पातळ झालेली नाही, आत नवीन किडा पूर्ण तयार दिसतो पण बाहेर पडता आलेलं नाही, तर पचवणाऱ्या विकरांचा संशय घ्या. जुनी पचलेली, नवी तयार, आणि तरीही डोक्यामागची चीरसुद्धा पडलेली नाही, किड्याने जोर लावल्याची खूणच नाही, तर ट्रिगरिंग हॉर्मोनच्या बाजूला बघा. बाहेर आला, पण पांढुरका आणि मऊ राहिला, तर लॅकेस-2. हे विकर त्वचा कडक करून तिला रंग देतं. तांबड्या भुंगेऱ्यात ते दाबलं की फिक्या दुधाळ रंगाचा भुंगेरा निघतो, पाहिल्यावर विसरत नाही. आणि अळी ठरल्या वेळेच्या आधीच, लहान आकारातच कोषात जायला लागली, तर तुम्ही जुव्हेनाइल हॉर्मोनच्या वाटेला गेला आहात. कोनोपोव्हा आणि यिंद्रा यांनी 2007 मध्ये मेथोप्रीन-टॉलरंट हे जनुक दाबून असंच घडवलं आणि हे हॉर्मोन अळीला अळीपणात कसं रोखून धरतं याचा मोठा धागा त्यातून हाती लागला. एकाच आकड्यात मोडणारे हे पाच वेगळे मृत्यू आहेत. प्रत्येकाचा फोटो ठेवा.

आता पंपाचा प्रश्न. कायटिन बनवणाऱ्या विकराची दोन जनुकं असतात. सिंथेज-1 त्वचेसाठी आणि श्वासनलिकांसाठी, सिंथेज-2 आतड्यातल्या पातळ अस्तरासाठी. अराकाने यांनी 2005 मध्ये तांबड्या भुंगेऱ्यात दोन्ही वेगवेगळी दाबली. पहिलं दाबल्यावर अळी ते अळी, अळी ते कोष, कोष ते भुंगेरा, तिन्ही कात बिघडल्या. दुसरं दाबल्यावर कात टाकण्यावर काही परिणाम नाही, पण अळ्यांनी खाणं सोडलं आणि त्या आकसून गेल्या. शेतकऱ्याच्या नजरेने बघा. पहिल्या प्रकारात अळी पुढची कात येईपर्यंत पोंगा कुरतडतच राहते. दुसऱ्या प्रकारात नुकसान आधी थांबतं.

फवारणीच्या औषधांत हा फरक आपण आधीच पाहिलेला आहे. डायफ्लुबेंझुरॉन, नोव्हाल्युरॉन, ल्युफेन्युरॉन ही कायटिन रोखणारी. अळी मरते ती कात टाकताना, म्हणून ‘औषध लागू पडलं नाही’ अशी दुकानात तक्रार येते. टेब्युफेनोझाइड आणि मेथॉक्सीफेनोझाइड मात्र एक्डायसोनची नक्कल करतात. अळीच्या शरीराला वाटतं कात जवळ आली. ती काही तासांतच खाणं सोडते आणि अवेळी सुरू झालेली कात पुरी न करता मरते. जीन सायलेन्सिंगला हा दुसरा रस्ता सहसा बंद आहे, कारण ते काढतं, घालत नाही. एक्डायसोन मोडणारं विकर दाबून हॉर्मोन चढं ठेवता येईल असा एक आडमार्ग सुचतो, फळमाशीत त्या विकराशिवाय काय होतं तेही माहीत आहे. पण ते शेतापर्यंत येईल यावर मी पैज लावणार नाही.

म्हणूनच पिकांवरच्या किडींसाठी बाजारात पोचलेल्या दोन ठळक गोष्टींत कात टाकण्याचं जनुक नाही. अमेरिकेत मक्याच्या मुळांवर पोसणारा वेस्टर्न कॉर्न रूटवर्म हा भुंगेरा आहे. बाउम आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये त्याची 290 जनुकं चाचपली, त्यातली 14 अगदी कमी मात्रेत मारणारी निघाली. पुढे स्नफ-7 या जनुकाचा 240 अक्षरांचा डीएसआरएनए मक्यातच बनेल असं वाण तयार झालं. स्मार्टस्टॅक्स प्रो या नावाने त्याला 2017 मध्ये अमेरिकी पर्यावरण संस्थेची मान्यता मिळाली. स्नफ-7 पेशीच्या आतली वाहतूक सांभाळतं, प्रत्येक पेशीला रोज लागतं. दुसरं कॅलान्था, बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी. हे फवारायचं आहे, पिकाच्या जनुकांना हात न लावता. त्याचं लक्ष्य प्रोटिअसोमचा एक भाग आहे, म्हणजे निकामी प्रथिनांची पेशीतली विल्हेवाट. 2023 च्या डिसेंबरमध्ये त्याची नोंदणी झाली. भुंगेरे पटकन पडत नाहीत, पण काही दिवसांत खाणं थांबवतात. दोन्ही किडे भुंगेरेवर्गीय आहेत हे मुद्दाम पाहा.

आपल्याकडे या वर्गातला मोठा शत्रू म्हणजे हुमणी. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या ऊसवाल्यांना वेगळं सांगायला नको. तत्त्वतः ती याला चांगली लक्ष्य ठरावी. अडचण जागेची आहे. हुमणीची अळी जमिनीत, मुळांशी. आणि डीएसआरएनए जमिनीत दोनेक दिवसांत नाहीसा होतो, सूक्ष्मजीव तो खाऊन टाकतात. पर्यावरणाच्या दृष्टीने हीच त्याची जमेची बाजू सांगितली जाते, आळवणीसाठी मात्र तीच अडचण. मुळांतच तो बनवायचा तर जनुकबदल केलेला ऊस आला, आणि आपल्याकडे जनुकबदल केलेलं पीक म्हणून मोठ्या प्रमाणावर शेतात आहे ते फक्त बीटी कापूस, 2002 पासून. राहता राहिला पावसाच्या सुरुवातीला कडुनिंब-बाभळीवर पाला खायला येणारा भुंगेरा. त्याच्या पाल्यावर फवारणी, हा विचार मला जास्त करण्यासारखा वाटतो. त्याच वेळी लोक काठीने फांद्या झोडून, प्रकाश सापळे लावून भुंगेरे गोळा करत असतातच.

गुलाबी बोंडअळीबद्दल कोणीतरी विचारेलच. ती पतंगवर्गात, शिवाय अंड्यातून निघाली की लगेच बोंडात शिरते. वर फवारलेलं तिच्या तोंडी लागतच नाही. तिच्या बाबतीत सध्या तरी फरदड न घेणं, कामगंध सापळे आणि वेळेवर पेरणी, यांवरच माझा भर राहील.

प्रतिकारशक्तीचंही ऐकून ठेवा, कारण ‘डीएसआरएनएला किडे सरावणार नाहीत’ असं सर्रास सांगितलं जातं. रूटवर्मची सरावलेली वसाहत 2018 मध्ये प्रयोगशाळेत तयार करून दाखवली गेली. त्या अळ्यांच्या आतड्याच्या पेशी डीएसआरएनए आत घेतच नव्हत्या, त्यामुळे स्नफ-7 च्या जागी दुसऱ्या जनुकाचा दिला तरी तोही निकामी. कोलोरॅडो भुंगेऱ्याचीही अशी सरावलेली वसाहत तयार झाली. बीटीत एक प्रथिन हरलं तर दुसरं आणता येतं, 2006 मध्ये दोन प्रथिनांचं बीजी-2 हे बीटी कापसाचं वाण आलं ते त्याच हिशोबाने. इथे दारच बंद झालं की आतली सगळी लक्ष्यं एकदम जातात. त्यामुळे हे आलंच तर आलटून पालटून वापरण्याच्या औषधांतलं एक म्हणून यावं. एकट्याच्या भरवशावर नको.

तुमच्या हातात किती महिने उरलेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण क्रम मी असा ठेवला असता: या आठवड्यात जेल. त्याचबरोबर तांबड्या भुंगेऱ्याची वसाहत सुरू करायची, कारण ती जमायला महिना जातो. त्यात आधी लॅकेस-2 टोचून हात बसवायचा. फिका भुंगेरा निघाला की तुमचं टोचणं आणि डीएसआरएनए दोन्ही ठीक आहेत हे क्यूपीसीआरशिवाय कळतं. मग कायटिनेज-10 आणि कायटिनेज-5 शेजारी शेजारी. लष्करी अळीचे आकडे फेकू नका. वय जुळवलेल्या अळ्यांवर एकदा परत करा आणि जेलच्या चित्रासोबत मांडा. विषय बदलायला मार्गदर्शक सहज तयार होणार नाहीत, म्हणून त्यांच्याकडे जाताना जेलचा फोटो आधी पुढे ठेवा आणि बोलणं नंतर सुरू करा.